दिवसा लावलेलं दार

मला लहानपणापासून हट्टी म्हणतात. जव्हारला आमच्या आळीत एखादी पोरगी ऐकत नसली की तिची आई माझं उदाहरण द्यायची, आणि ते चांगल्या अर्थाने नसायचं. त्यामुळे मानसशास्त्रात पीएच.डी. करायची, तीही मोखाड्याच्या पाड्यांवर पायपीट करून, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कोणी वाद घातला नाही. वडील शाळामास्तर होते. ते एवढंच म्हणाले, "लोकांना त्रास होईल असं काही विचारू नकोस म्हणजे झालं." मी ऐटीत सांगितलं, त्यासाठी तर आम्हाला वेगळा अभ्यास असतो.

आणि तो होताच. संशोधनपद्धती, संख्याशास्त्र आणि त्यांच्या मागे शेपटासारखी लावलेली संशोधनाची नीती. नव्वदचं दशक सरत आलं होतं, त्या काळात या शेपटाकडे फारसं कोणी बघत नसे. पण माझे मार्गदर्शक सर त्या बाबतीत फार कडक. त्यांचं म्हणणं असं, की माणूस आपल्यापाशी मोकळा होतो तो आपल्यावर विश्वास टाकून होतो. तो विश्वास बाहेर सांडला, तर आपले आकडे कितीही बरोबर असोत, आपण खोटे. सर मला मनापासून आवडायचे. पुढे त्यांच्याशी माझं चांगलंच वाजलं, तरीही आवडायचे.

माझा विषय होता, दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जाणाऱ्या कुटुंबांतल्या बायका. त्या पावसाच्या तोंडावर घरी परततात तेव्हा त्यांची झोप, भूक, काळजी, आशा-निराशा कुठे असते? हे मोजायला एक प्रश्नावली होती. मूळ इंग्रजीतली, मग कोणीतरी पुणेरी मराठीत आणलेली. "आपणांस औदासीन्य जाणवते का?" असा एक प्रश्न होता. पाड्यावरच्या अंगणवाडीच्या ताईला मी तो वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "हा काय आजार हाय?" मग आम्ही दोघींनी बसून सगळे प्रश्न पुन्हा घडवले. औदासीन्याचं "जेवण गोड लागतं का" झालं. उत्तरांच्या पायऱ्या होत्या, "कधीच नाही"पासून "नेहमी"पर्यंत. बायका सरसकट "व्हतं कवाकवा" म्हणायच्या, आणि ते "क्वचित" की "बऱ्याचदा" हे खोदून खोदून विचारताना माझा जीव मेटाकुटीला यायचा.

सरांचा नियम पक्का होता. प्रत्येकीला एकटीला विचारायचं, दार लावून विचारायचं, आणि ऐकताना स्वतःचा चेहरा पाटीसारखा कोरा ठेवायचा. यातलं दार मला फार पटलेलं होतं, दोन्ही बाजूंनी. नीतीच्या बाजूने म्हणाल, तर तिचं दुःख चारचौघांत पडत नाही. आणि आकड्यांच्या बाजूने म्हणाल, तर एकीचं ऐकून दुसरीने उत्तर दिलं की ती दोन उत्तरं राहतच नाहीत. एकच उत्तर दोनदा लिहिलं जातं.

आता अडचण अशी, की दार आणायचं कुठून? खोडाळ्याच्या पुढे, जीप सोडून डोंगर उतरल्यावर तो पाडा. घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणाने लिंपलेल्या. एका घरातलं कुजबुजणं दुसऱ्या घरात ऐकू यायचं. विटांच्या भिंती आणि कडी असलेलं दार, असं सगळ्या पाड्यात एकच ठिकाण होतं, अंगणवाडी. भर मे महिना, वर पत्रा, आणि मी दार लावून बसलेली. घामाने कागद हाताला चिकटायचे. पण नियम म्हणजे नियम.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि ताईलाही ते मुद्दाम सांगण्यासारखं वाटलं नव्हतं, की त्या पाड्यात दिवसा कोणी दार लावत नाही. दिवसा दार लागलं म्हणजे आत बाळंतीण असते, नाहीतर काहीतरी निस्तरायचं असतं. एकटीला बाजूला बोलावून नेतात तेही पोलीस, वनखात्याचे जंगलवाले असे लोक, आणि तेही काहीतरी काढून घ्यायला. म्हणजे माझी सगळी नीती त्यांच्या डोळ्यांना चौकशीसारखी दिसत होती. माझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. नियम चांगलाच होता. पण तो जिथे तयार झाला, तिथली घरं वेगळी होती.

बायकांनी त्यावर आपला इलाज काढला होता. प्रत्येक बाई बाहेर पडली की वडाखाली बसलेल्या बाकीच्यांना सगळं सांगून टाकायची, अगदी साभिनय. "माला बोलली, झोप लागतं का? मी बोलली, नवरा घोरतो तं कशी लागंल!" आणि हशा. आत मी कपाळाला हात लावायची, कारण पुढची बाई तयार उत्तर घेऊनच येणार. त्या का सांगत होत्या हे मला उशिरा कळलं. दाराआड काय झालं ते उघड्यावर आणून ठेवलं, की दार लावलेलं फिटतं, असा तो हिशेब होता.

एकच बाई वेगळी निघाली. माझ्याच वयाची, सावळी, हाताने सतत पदराचं टोक दुमडणारी. ती आत बराच वेळ होती. निघताना मी तिला सवयीने म्हटलं, "आतलं बोलणं बाहेर सांगायची काही गरज नाही." तिने मान हलवली, डोळे पुसले, बाहेर येऊन कोणाशी न बोलता हंडा उचलला आणि चालू लागली. मी खूश! शेवटी एकीने तरी गोपनीयता पाळली. जव्हारला परत जाताना जीपमध्ये मी त्या एका मुलाखतीवर फार समाधानी होते.

आमच्या पद्धतीत दुसरी फेरी असते. काही आठवड्यांनी त्याच बायकांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तरं साधारण सारखी आली, तर प्रश्नावली विश्वासाची. भलतीच आली, तर तिच्यात खोट आहे. त्या फेरीला मी गेले तेव्हा आवणी चालू होती. खाचरांत गुडघाभर चिखल, बायका रांगेने वाकून भाताची रोपं लावत होत्या. तिथे आवणी एकमेकांच्या शेतात जाऊन करतात. आज हिच्याकडे सगळ्या, उद्या तिच्याकडे. आणि बांधापलीकडे, एका खाचरात, ती एकटीच लावणी करत होती.

मी ताईला विचारलं, ही एकटी का?

ताईने आधी टाळाटाळ केली, मग सगळं सांगितलं. मी पहिल्या फेरीनंतर गेले आणि लागलीच पाड्यावर जंगलवाल्यांची गाडी आली. पाड्यातल्या जाणत्या म्हाताऱ्याने मुलाच्या नव्या घरासाठी सागाचं लाकूड आणून पेंढ्याखाली ठेवलं होतं. गाडीतली माणसं सरळ त्या पेंढ्यापाशी गेली आणि लाकूड घेऊन निघून गेली. मग पाड्याने डोकं चालवलं. बाहेरचं कोण आलं होतं? जव्हारची बाय. तिच्याशी दार लावून कोण बोललं? सगळ्याच. बाहेर येऊन कोणी सांगितलं नाही? हिने एकटीने. झाला निकाल.

"कुनी बोलवत नाय तिला आता," ताई म्हणाली. "नवरा कामाला वसईला हाय. सासू बोलते, आवणी झाली का जा तुझ्या आयशीकडं. म्हातारा पन तसंच बोलतो."

मला संताप आला. आधी पाड्याचा, मग स्वतःचा, मग सरांचा, मग दाराच्या त्या कडीचा. तशीच तरातरा म्हाताऱ्याच्या पडवीत गेले. त्याला सांगितलं, "बाबा, आतमध्ये लाकडाचा शब्द निघाला नाही. तिने नाही, कोणीच नाही. मी शपथेवर सांगते."

म्हातारा शांत माणूस होता. सुतळी वळत म्हणाला, "तुझा नाव नाय घेत मी. पन मंग काय बोलली ती? दार लावून येवढा येळ. रडत भायेर आली. काय बोलली, सांग."

आणि मी गप्प झाले. याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते दिलं असतं तर ती तिथेच सुटली असती. पण ते उत्तर माझं नव्हतं. मी तिला शब्द दिला होता. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला, आणि माझ्या गप्प बसण्याने त्याची खात्री आणखी पक्की झाली, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं.

खोडाळ्याला जाऊन एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "तू काही सांगितलं नाहीस हे योग्य केलंस. आता तिची केस वगळून टाक. नमुन्यात एक बाई कमी झाली तर निष्कर्षाला काही होत नाही."

"सर, निष्कर्षाला होत नाही, पण बाईला होतंय."

"ते आपल्या हातात नाही. गुपित फोडायचा तुला अधिकार नाही."

बूथवाला मीटरकडे बघत होता. मी म्हटलं, "मला नाही. पण तिला आहे ना?"

मग सर म्हणाले, "तिने स्वतः ठरवलं तर गोष्ट वेगळी. पण तू तिला भरीला घालायचं नाही. आणि तुझी दुसरी फेरी बिघडेल, हे लक्षात ठेव." मी म्हटलं, बिघडू दे. फोन ठेवताना माझा आवाज चढलाच होता, बूथवाल्याने तेवढ्यासाठी माझ्याकडे डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खाचरात उतरले. साडी खोचून, रोपांची जुडी हातात घेऊन तिच्या शेजारी लावायला लागले. माझी लावणी बघून तिला हसू आलं, कारण माझी निम्मी रोपं आडवी पडत होती. मी म्हटलं, "तू आत काय बोललीस ते मी कोणाला सांगितलं नाही. तू सांगितल्याशिवाय सांगणारही नाही. पण तुला काय पाहिजे ते मला सांग. मी परत जाऊन म्हाताऱ्याशी भांडू? की काहीच करू नको?"

ती लावत राहिली. ओळ संपली, ती मागे सरकली, नवी ओळ धरली. मग म्हणाली, "तू परत इचारनार व्हतीस ना? तेच सवाल?"

"हो. पण आता नाही विचारलं तरी चालेल."

"इचार. सगळ्यांच्या पुढं इचार."

मी तिला सांगितलं, की त्यातले काही प्रश्न कसे आहेत ते आठव. सासू तिथे असेल. पुरुष असतील. एकदा बोललं की परत घेता येणार नाही. मी हे पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण भरीला घालायचं नाही ही सरांची अट मला मान्य होती. शेवटी ती कंटाळली. कंबर सरळ करून म्हणाली, "बाय, माला आयशीकडं नाय जायाचा. माझा घर अठं हाय."

कोणी आपल्या घरासाठी इतकं साधं आणि इतकं ठाम बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

प्रबंधाचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे नंतर मध्ये यायला नको. तिची दुसरी उत्तरं मी हिशेबात धरली नाहीत. पहिली दाराआडची आणि दुसरी पाड्यापुढची, त्यांची तुलना करता येत नाही. तिथे सर बरोबर होते. पण त्यापुढच्या सगळ्या पाड्यांवर मी प्रत्येक बाईला आधी विचारलं, कुठे बसू या? कोणी बांधावर बसली, कोणी नदीवर कपडे धुताना बोलली, कोणी सरळ वडाखाली सगळ्यांत बसून. आकडे विस्कळीत झाले. सर वैतागले, मी ऐकलं नाही, आणि दार हा एक वेगळा घटक धरून सगळं गणित पुन्हा मांडलं. त्या काळी माझ्याकडे कॅल्क्युलेटर आणि हट्ट एवढंच सामान होतं. तोंडी परीक्षेत मला त्या प्रकरणावर धारेवर धरलं. मीही उत्तरं दिली. पदवी मिळाली, जरा उशिरा.

तर, खोडाळ्याच्या बाजाराच्या दिवशी लोक शेतातून लवकर परतले होते. ताईने सगळ्यांना निरोप दिला. म्हाताऱ्याच्या पडवीत माणसं दाटली, उरलेली बाहेर घोंगड्या पांघरून उभी राहिली. ती मधोमध बसली, मी तिच्यासमोर. सासू खांबाला टेकून, तोंड दुसरीकडे करून. मी सगळ्यांना सांगितलं, की मागच्या खेपेला आत जे विचारलं तेच आज विचारणार आहे, हिने सांगितलं म्हणून. मध्ये कोणी बोलायचं नाही. आणि पुढचं लिहितानाही मी तेवढंच लिहिते, जेवढं तिने त्या दिवशी सगळ्यांपुढे सांगितलं.

"रात्री झोप लागते का?"

"नाय."

"जेवण गोड लागतं का?"

"पोर गेली तवापासून नाय."

पडवीत चुळबुळ झाली. तिची वर्षाची मुलगी हिवाळ्यात वसईकडच्या भट्टीवर तापाने गेली, हे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं आणि त्या सगळ्यांचं तिला, होईल दुसरं, असं सांगूनही झालं होतं.

"मनात तेच तेच विचार येतात का?"

"येतात. तिला तठंच पुरली, खाडीच्या अंगाला. दुसऱ्या दिशी भट्टीवर गेलो. आता तठं पानी भरलं असंल, असं येतं मनात." तिचा आवाज सरळ होता, भाव विचारताना असतो तसा. माझा चेहरा कोरा ठेवायचा नियम मी त्या दिवशी पाळू शकले नाही.

"रडू येतं का?"

"येतं. रानात जाऊन रडते."

म्हातारा खाकरला. सुतळी त्याच्या हातातून कधीच खाली पडली होती. तो म्हणाला, "बस झाला, पोरी. लाकडाचा यात काय नाय. कळला आमाला. उद्या आमच्याकडं आवणी हाय, तू ये."

हे ऐकायलाच आम्ही सगळ्यांना जमवलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. मी कागद आवरायला लागले, तर तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नाय. पुरा होऊ दे."

म्हणून मी पुढे विचारत गेले. रडण्याच्या प्रश्नानंतर एक प्रश्न होता, तो मी ठरवून सोडला आणि त्याच्या पुढचा घेतला. निर्णय माझा होता. तिची सासू हाताच्या अंतरावर बसलेली असताना तो विचारायचा नाही, हे मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

ती माझ्याकडे रोखून बघत होती. "एक गाळलास," ती म्हणाली. "रडायचा इचारलास, त्याच्या पाठी एक व्हता. तो पन इचार."

सगळी पडवी माझ्याकडे बघायला लागली. मला तेव्हा वाटलं, की उठावं आणि सरळ जीप गाठावी. पण तिचा हात अजून मनगटावर होता, आणि ती नको म्हणत नव्हती, मागत होती. मी विचारलं, "जगू नये, असं वाटतं का?"

"वाटतं," ती म्हणाली. "पान्याला जाते तवा वाटतं. मंग हंडा भरते न् घरी येते."

बाहेर उभे असलेले दोघेतिघे घोंगडी सावरत खाली बसले. मग खांबापाशी हालचाल झाली. सासूने तोंड वळवलं. इतका वेळ ती बोलली नव्हती, त्यामुळे तिचा आवाज चिरकला.

"मंग माला का नाय सांगलास? एका घरात ऱ्हातो आपुन."

सून तिच्याकडे वळली. रागाने नाही, हे मला नक्की आठवतं. जे होतं तेच सांगायचं ठरवलेल्या माणसासारखी ती म्हणाली, "तू कवा इचारलंस?"

सासू बसल्या जागेवरून पुढे सरकत आली, अगदी तिच्या गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत, आणि म्हणाली, "आता इचारते."

मी कागद पिशवीत कोंबले, उभी राहिले आणि पडवीतल्या बाकीच्यांना मोठ्याने म्हटलं, "चला, उठा सगळे. इथलं आपलं काम संपलं."